गळे बदलत राहिले, गाणं राहिलं : केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजातली स्टीफन क्लीबरींची ३७ वर्षं

कॉलेजात समूहगान बसवणाऱ्या कुणालाही विचारा, दुखणं एकच. युवा महोत्सवासाठी तीन-तीन महिने घासून पंधरा गळे एका सुरावर येतात, कोण कुठे श्वास घेतो हे एकमेकांना कळायला लागतं, आणि परीक्षा झाली की तिसऱ्या वर्षाची मुलं निघून जातात. जूनमध्ये पुन्हा पहिल्या 'सा'पासून सुरुवात. मी हे बरीच वर्षं करतो आहे आणि दर जूनमध्ये तोच प्रश्न समोर उभा राहतो. जिथे गाणारा टिकत नाही, तिथे गाणं टिकवायचं कसं?

या प्रश्नाचं सगळ्यात ठळक उदाहरण मला इंग्लंडमध्ये सापडलं. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या चॅपलमधला, म्हणजे प्रार्थनामंदिरातला, गायकवृंद आणि १९८२ ते २०१९ अशी ३७ वर्षं तो सांभाळणारे संगीत संचालक स्टीफन क्लीबरी. त्यांचं संगीत आपलं नाही, धर्म बहुतेकांचा वेगळा, भाषाही वेगळी. पण तालमीच्या खोलीतली अडचण अगदी आपलीच आहे, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो.

वृंद कसा बनतो

किंग्ज कॉलेज सहाव्या हेन्री राजाने १४४१ साली स्थापलं. चॅपलमध्ये गाण्यासाठी १६ मुलगे असावेत, हे त्यानेच नियमात घालून दिलं. आजही ते १६च आहेत. ही मुलं कॉलेजच्याच शाळेत शिकतात, तिथेच राहतात, आणि साधारण नऊ ते तेरा वर्षांची असतात. सगळ्यात वरचा, टिपेचा आवाज त्यांचा. खालचे तीन आवाज, म्हणजे आल्टो, टेनर आणि बास, गातात विद्यापीठात शिकणारे तरुण. त्यांना कोरल स्कॉलर म्हणतात आणि ते साधारण चौदा असतात. ऑर्गन वाजवायला दोन विद्यार्थी. म्हणजे जगभर ज्याच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या जातात त्या वृंदात पगारी, पूर्णवेळ गायक एकही नाही. कुणी इतिहास शिकतो, कुणी गणित, कुणी भाषा, आणि संध्याकाळी साडेपाचला लाल झगा आणि त्यावर पांढरा सदरा चढवून प्रार्थनेला उभा राहतो.

आता हिशेब करून पाहू. मुलगा वृंदात चार-पाच वर्षं राहतो, स्कॉलर साधारण तीन. क्लीबरींच्या ३७ वर्षांत वरचा आवाज सुमारे आठ वेळा पुरता बदलला, खालचे आवाज बारा वेळा. दोन्हीकडच्या बाकांमध्ये उभा असलेला एक माणूस तेवढा तोच राहिला.

आपल्या घराण्यांमध्ये गोष्ट उलटी असते. शिष्य दहा-पंधरा वर्षं गुरूपाशी बसतो, गळा तयार झाला की तिथून पुढे चाळीस वर्षं त्या गळ्यातून घराणं वाहतं. किंग्जमध्ये गळा तयार होतो आणि त्याच सुमाराला तो हातातून जातो. तेराव्या वर्षी मुलाचा आवाज फुटतो. हा शब्द मराठी माणसाला संगीत नाटक मंडळ्यांच्या दिवसांपासून ठाऊक आहे. स्त्रीभूमिका करणाऱ्या किती गोड गळ्याच्या पोरांवर त्या काळात ही वेळ आली! नाटक मंडळीत मात्र ती ओढवलेली आपत्ती असे. किंग्जमध्ये ती वेळापत्रकात धरलेलीच असते. कोणता मुलगा कधी जाणार याचा अंदाज घेऊन दोन वर्षं आधी सात-आठ वर्षांचा दुसरा मुलगा निवडून ठेवायचा. त्याने आधी शिकाऊ म्हणून मोठ्यांचं नुसतं ऐकायचं, शेजारी बसून वही बघत गायचं, मग वृंदात यायचं. संचालक शिकवतो हे खरं, पण आठ वर्षांचं पोर बारा वर्षांच्या पोराकडून जे उचलतं ते कोणताही मोठा माणूस शिकवू शकत नाही, असं माझं मत आहे. माझ्या तालमीत मी प्रथम वर्षाच्या मुलांना मुद्दाम जुन्यांच्या मध्ये उभं करायला लागलो, ते हे समजल्यावर.

वारशाचं ओझं

क्लीबरी १९८२ साली आले तेव्हा ते ३३ वर्षांचे होते. समोर काय होतं ते पाहायला हवं.

ए. एच. मान हे गृहस्थ १८७६ पासून १९२९ पर्यंत, ५३ वर्षं या जागी होते. त्यांच्यानंतर बोरिस ऑर्ड १९५७ पर्यंत; ते युद्धावर गेले तेवढा काळ हॅरल्ड डार्क यांनी काम पाहिलं. मग डेव्हिड विलकॉक्स १९७४ पर्यंत आणि फिलिप लेजर १९८२ पर्यंत. युद्धातली बदली सोडली तर शंभराहून जास्त वर्षांत पाचवा माणूस म्हणून क्लीबरी उभे होते.

ऑर्ड आणि विलकॉक्स यांच्या काळात 'किंग्जचा आवाज' म्हणून एक गोष्ट जगाला माहीत झाली. कंप जवळजवळ नसलेला सरळ, स्वच्छ सूर. सोळा मुलं गाताना एकच मुलगा गातोय असं वाटावं इतका मिसळलेला. या आवाजामागे ती इमारतही आहे. चॅपल ८८ मीटर लांब, वर पंख्यासारखं उघडत जाणारं दगडी छत, आणि आत आवाज कित्येक सेकंद घुमत राहतो. अशा जागी सूर केसभर हलला तरी तो हललेला सूर पुढच्या सुरावर जाऊन बसतो आणि सगळं गढूळ होतं. व्यंजनं ठोसपणे टाकली नाहीत तर शब्द कळत नाहीत. लय थोडी चढली की चिखल. त्यामुळे हा स्वच्छ सूर आवडीनिवडीचा भाग होताच, पण त्या दगडांनीही तो मागून घेतला होता.

दुसरं ओझं नाताळच्या पूर्वसंध्येचं. पहिलं महायुद्ध संपून जेमतेम सहा आठवडे झाले असताना, २४ डिसेंबर १९१८ रोजी, एरिक मिलनर-व्हाइट या चॅपलच्या तरुण डीनने, म्हणजे प्रमुख धर्मगुरूने, इथे बायबलमधले नऊ शास्त्रपाठ आणि नाताळगीतांची उपासना सुरू केली. ते स्वतः युद्धात सैनिकांचे धर्मोपदेशक होते. पाठांचा मूळ आराखडा ट्रूरोच्या कॅथीड्रलमध्ये, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चमध्ये, १८८० साली झालेल्या उपासनेतून घेतलेला. बीबीसीने ती १९२८ साली प्रथम प्रक्षेपित केली आणि १९३० चा अपवाद सोडला तर त्यानंतर दर वर्षी ती रेडिओवरून जाते. दुसऱ्या महायुद्धात चॅपलच्या जुन्या रंगीत काचा काढून ठेवल्या होत्या, आत कडाक्याची थंडी असे, सुरक्षेसाठी जागेचं नावही सांगत नसत, तरी ती झाली. तिथले दुपारचे तीन म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. मुंबई-पुण्याच्या अनेक चर्चमध्ये याच घाटाची उपासना डिसेंबरात होते. पाठ मराठीत, गीतं कधी इंग्रजी, कधी मराठी.

सुरुवात दर वर्षी एकाच गीताने, 'वन्स इन रॉयल डेव्हिड्स सिटी', आणि पहिलं कडवं एकटा मुलगा गातो, साथीशिवाय. लाखो लोक वर्षभर ज्या आवाजाची वाट पाहतात तो हा. नवा संचालक आला आणि यात काही हललं, तर ते सगळ्यांना कळणार.

निर्णय

आणि क्लीबरींनी हात घातला तो इथेच. दुसऱ्याच वर्षापासून, म्हणजे १९८३ पासून, या उपासनेसाठी दर वर्षी एका हयात संगीतकाराकडून एक नवं गीत लिहून घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं. पहिलं लेनक्स बर्कली यांचं. त्यानंतर ही साखळी त्यांच्या निवृत्तीपर्यंत चालली.

या निर्णयाचं मोल मला फार वाटतं, आणि ते का वाटतं हे नीट सांगायला हवं. नवं काम करायचं तर संचालकापाशी सुरक्षित जागा पुष्कळ असतात. एखादी मे महिन्यातली मैफल, एखादा छोटा महोत्सव. तिथे केलं की नाव होतं आणि कुणी दुखावत नाही. क्लीबरींनी नवं गीत वर्षातल्या सगळ्यात जपल्या जाणाऱ्या, सगळ्यात जास्त ऐकल्या जाणाऱ्या दीड तासात ठेवलं. जुन्याच्या शेजारी, त्याच श्वासात. श्रोत्याला ते टाळता येणार नव्हतं.

हे धाडस त्यांच्यात कुठून आलं, याचा माग त्यांच्या आधीच्या वाटचालीत लागतो. लहानपणी ते वूस्टर कॅथीड्रलच्या वृंदात गात. मग केंब्रिजलाच, पण सेंट जॉन्स कॉलेजात, जॉर्ज गेस्ट यांच्या हाताखाली ऑर्गन वाजवायला. गेस्ट यांच्या मुलांचा आवाज किंग्जपेक्षा भरीव आणि धारदार होता. चार पावलांवरच्या दोन कॉलेजांत सुराबद्दलचे दोन विचार नांदत होते आणि क्लीबरी दुसऱ्या विचारात वाढले. त्यानंतर १९७१ ते १९७४ नॉर्दम्प्टनच्या सेंट मॅथ्यूज चर्चमध्ये. हे गाव लंडनच्या मानाने लहान, पण वॉल्टर हसी नावाच्या धर्मगुरूंनी १९४३ साली याच चर्चसाठी बेंजामिन ब्रिटनकडून रचना करून घेतली होती, हेन्री मूरकडून मेरी आणि बाळ येशूचं शिल्प घडवून घेतलं होतं. चर्चने आपल्या काळातल्या कलावंताला काम द्यायचं असतं, हे त्या भिंतींनाच ठाऊक होतं. त्यापुढे वेस्टमिन्स्टर ॲबी, आणि १९७९ पासून लंडनचं कॅथलिक वेस्टमिन्स्टर कॅथीड्रल. तिथल्या संगीतप्रमुखाच्या पदावर आलेले ते पहिले अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या पंथातले. तिथे रोज लॅटिन मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, रोज एकसुरी प्राचीन पठण आणि सोळाव्या शतकातलं बहुस्वरी संगीत.

म्हणजे किंग्जला आलेला माणूस त्या परंपरेचा लाडका वारस नव्हता. तो चार ठिकाणचं पाणी प्यालेला होता. परंपरा पुढे नेण्यासाठी बाहेरचा माणूस लागतो असा नियम मी करणार नाही, पण इथे त्याचा उपयोग झाला हे नक्की.

नवी गीतं आणि सोळा मुलं

यादी पाहिली की निवडीतली हिंमत दिसते. १९८५ साली ज्युडिथ वीअर यांनी जुन्या स्कॉट भाषेतल्या शब्दांवर 'इल्युमिनारे, जेरुसलेम' लिहिलं. १९८७ साली जॉन रटर यांचं अगदी गोड, पटकन ओठांवर येणारं गीत. १९९० साली एस्टोनियाच्या आर्वो पॅर्त यांनी चर्च स्लाव्हिक भाषेतली मेरीची प्रार्थना जेमतेम मिनिटभरात बसवली. १९९७ साली तेव्हा अवघ्या सव्विशीत असलेले टॉमस ॲडेस, २००३ साली हॅरिसन बर्टविसल यांच्यासारखा कडक आधुनिक संगीतकार.

सगळ्यांना सगळं आवडलं असं नाही, आणि तसं होणारही नव्हतं. नाताळच्या संध्याकाळी माणसाला ओळखीचं हवं असतं. घरी पुरणपोळीच्या दिवशी कुणी वेगळंच काही वाढलं तर आपणही नाक मुरडतो. काही गीतं एकदा गाऊन झाली आणि फारशी पुढे गेली नाहीत. पण वीअर यांचं गीत, पॅर्त यांचं ते एका मिनिटाचं, रटर यांचं, ही आज जगभरचे वृंद गातात. ज्यांना किंग्जचं नावही ठाऊक नाही अशा मुलांना ही गीतं 'पारंपरिक' वाटत असतील.

आता तालमीची बाजू, जी मला सगळ्यात जास्त खुणावते. विद्यापीठाचं सत्र डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपतं. बाकीचे विद्यार्थी घरी जातात, शाळेतली इतर मुलंही जातात, आणि वृंदातली सोळा मुलं नाताळपर्यंत तिथेच राहतात. त्या तीन आठवड्यांत रोजच्या उपासना, मैफली, टीव्हीसाठीचं चित्रीकरण आणि २४ तारखेची तयारी. त्यात एक असं गीत, ज्याचं ध्वनिमुद्रण अस्तित्वातच नाही. ऐकून नक्कल करायला काही नाही. दहा वर्षांच्या मुलाला ते कागदावरून वाचून गावं लागतं.

इथेच त्या निर्णयाचा दुसरा फायदा दिसतो, आणि मला तो पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. पन्नास वर्षं गायलेलं गीत मुलं कानाने उचलतात. मागच्या वर्षीच्या चुकाही उचलतात. नव्या गीतात सगळेच कोरे. बारा वर्षांचा अनुभवी मुलगा आणि नवा नऊ वर्षांचा मुलगा एका ओळीवर. संचालकही कोरा. दर वर्षी एकदा सगळ्यांना वाचायला, मोजायला, शेजाऱ्याचं ऐकायला पुन्हा शिकावं लागतं, आणि तो ताजा कान घेऊन ते जुन्या गीतांकडे वळतात. नवं गीत संगीतकारांसाठी होतं, श्रोत्यांसाठी होतं, तसं ते वृंदाची गंज काढण्यासाठीही होतं, असं मी समजतो.

माझ्या कॉलेजात मी हे करून पाहिलं. आठ वर्षं तीच दोन समूहगीतं फिरवत होतो, कारण ती पारितोषिकं मिळवून देत. मग दर वर्षी एक नवी चाल बांधायची असं ठरवलं. पहिल्या वर्षी महोत्सवात आम्ही कुठेच आलो नाही. पण मुलांचं वाचन सुधारलं आणि जुनं गाणं त्यांनी इतकं उमजून गायलं की मलाच ते नवं वाटलं.

बोट

क्लीबरींच्या काळातली एक पद्धत बरीच सांगितली जाते. सुरुवातीचं एकट्याचं कडवं कोण गाणार हे मुलांना आधी कळत नसे. तीन-चार मुलं तयार करून ठेवलेली. वृंद चॅपलच्या पश्चिम टोकाला उभा राहतो, बीबीसीचा लाल दिवा लागतो, आणि त्या क्षणी संचालक एका मुलाकडे हात करतो. तो पुढे येऊन गातो.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे क्रूर वाटलं. नंतर पटलं. आधी नाव जाहीर झालं असतं तर तो मुलगा रात्रभर झोपला नसता, आणि उरलेले तिघे हिरमुसले असते. इथे काळजी करायला वेळच नाही. शिवाय त्या सकाळी कुणाचा गळा बरा आहे, कुणाच्या चेहऱ्यावर शांतता आहे, हे पाहून ठरवता येतं. इतक्या मुलांचे डोळे वाचलेला माणूसच हे करू शकतो.

जे झालं नाही

एक गोष्ट मला टोचते आणि ती टाळून हा अभ्यास पुरा होणार नाही. किंग्ज कॉलेजात मुलींना १९७२ पासून प्रवेश आहे. क्लीबरींच्या काळात, १९९७ साली, 'किंग्ज व्हॉइसेस' हा मुलामुलींचा वेगळा वृंद सुरू झाला आणि मुख्य वृंदाच्या सुट्टीच्या दिवशी, सोमवारी, तो सायंप्रार्थना गाऊ लागला. पण मुख्य वृंद पुरुषांचा आणि मुलग्यांचाच राहिला. क्लीबरी ज्या सेंट जॉन्समध्ये घडले, तिथे वृंदाची दारं मुलींसाठी उघडली ती त्यांच्या मृत्यूनंतर. मुलग्यांच्या आवाजाचा पोत निराळा असतो, ही परंपरा तुटली तर परत येणार नाही, हे युक्तिवाद मला कळतात. तरी गीत नवं चालतं आणि गाणारी नवी चालत नाही, हा सांधा मला जुळत नाही. दर वर्षी संगीतकाराला हाक मारणारा माणूस या बाबतीत जपून चालला.

बाकी ३७ वर्षांत पुष्कळ घडलं. विद्यापीठाच्या संगीत मंडळाचं संचालन १९८३ ते २००९, बीबीसी सिंगर्स या बीबीसीच्या व्यावसायिक गायकवृंदाचे मुख्य संचालक म्हणून १९९५ ते २००७, ईस्टरच्या दिवसांतला संगीत महोत्सव, २०१२ साली कॉलेजची स्वतःची ध्वनिमुद्रण कंपनी. आवाजही हळूहळू बदलला. साठीच्या दशकातल्या ध्वनिमुद्रिका आणि दोन हजारनंतरच्या शेजारी ठेवून ऐकल्या तर नंतरचा सूर अधिक भरलेला, थोडा उबदार लागतो. तो कोणत्या वर्षी बदलला ते कुणालाही बोट ठेवून सांगता येणार नाही.

२४ डिसेंबर २०१८ रोजी त्या उपासनेला शंभर वर्षं झाली. नवं गीत पुन्हा ज्युडिथ वीअर यांचं. क्लीबरींची किंग्जमधली ती शेवटची पूर्वसंध्या. २०१९ च्या जूनमध्ये त्यांना 'सर' किताब जाहीर झाला, सप्टेंबरअखेर ते निवृत्त झाले, आणि २२ नोव्हेंबरला यॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं. वय ७०. तो दिवस संत सेसिलियाचा, संगीतकारांच्या आश्रयदात्रीचा.

महिनाभराने, २४ डिसेंबरच्या दुपारी तीन वाजता, लाल दिवा लागला तेव्हा समोर डॅनियल हाइड हे नवे संचालक उभे होते. एका मुलाने 'वन्स इन रॉयल' उचललं. त्या दिवशी उभ्या असलेल्या सोळांपैकी बहुतेक मुलांचा गळा पहिल्यांदा ऐकून त्यांना निवडलं होतं ते क्लीबरींनीच. त्यातला सगळ्यात लहान मुलगा गायचा थांबला असेल तो २०२३-२४ च्या सुमारास.